कोपर

टायरात घुसलेला स्क्रू नखाएवढा होता आणि तो काढून भोक बुजवायला जेमतेम वीस मिनिटं लागणार होती. तेवढ्या वीस मिनिटांत आपलं काही बिघडेल असं कॅझ दुडेकला वाटायचं काही कारण नव्हतं. ऑगस्टची सकाळ होती, सरोवरावरून वारा येत होता, दुकानातली कॉफी नेहमीसारखी करपलेली होती. काउंटरमागच्या दाढीवाल्या, अंगानं सुटलेल्या माणसानं मान वर करून "कोच" म्हटलं, तेव्हा कॅझ ओळखीचं हसला. या गावात त्याला सगळेच कोच म्हणत. एरीच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू हातात घेऊन बाकीच्या दहा जणांना चालवणारा जो एक असतो, त्या क्वार्टरबॅकला, त्यातही नुकत्याच कॉलेजातून आलेल्या कोवळ्या क्वार्टरबॅकला घडवणं हे त्याचं एकवीस वर्षांचं काम होतं. मग त्या दाढीतले डोळे त्याला ओळखू आले. कोल्बी हार्ग्रोव्ह. सात वर्षांपूर्वी नेब्रास्काहून आलेला, दोन मोसम टिकलेला, इथलीच मुलगी करून इथंच राहिलेला. दोघांनी हात मिळवले. दुकान सासऱ्याचं, आता आपणच बघतो, असं कोल्बी म्हणाला. एक मुलगी आहे, पाच वर्षांची. कॅझनं बरं बरं म्हटलं. एवढ्यात पलीकडच्या टोकाला गाडीखालून निघालेल्या मेकॅनिकनं हात वर केला आणि कोल्बीनं काउंटरवरच्या किल्ल्या उचलून त्याच्याकडे फेकल्या. डावा पाय वळला, खांदा मागे गेला, कोपर कानाच्या रेषेत उचलला गेला आणि मनगट आत मुडपत किल्ल्या सुटल्या. दहा-बारा पावलांवरच्या माणसाकडे किल्ल्या असं कुणी फेकत नाही. माणूस बोलता बोलता कमरेपासून हात हलवतो आणि किल्ल्या पोचतात. या किल्ल्या वायपरच्या फळीवर आदळून खाली पडल्या. मेकॅनिक त्या उचलत म्हणाला, "बॉस, किल्ल्याच मागितल्या होत्या. अख्खं स्टेडियम नको होतं."

कोल्बी मनापासून हसला. "हात आता तसाच जातो, कोच," तो म्हणाला. "परवा पोरीला बॉल फेकायला शिकवत होतो. म्हटलं, मी लहानपणी फेकायचो तसं दाखवावं. तर मला आठवेचना. बायकोनं जुना व्हिडिओ काढून दिला. बघितला, तर कुणीतरी दुसराच पोरगा वाटला." हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला असता तर फार बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं, आणि कॅझपाशी उत्तरांची कधी वाण नव्हती. पण तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला आणि वर स्क्रूचे पैसे घ्यायलाही तयार होईना. कॅझनं ते त्याच्या काउंटरवर ठेवले आणि बाहेर येऊन गाडीत बसला. किल्ली लावली, पण गाडी सुरू करायचं त्याला काही वेळ सुचलं नाही.

कॉलेजच्या आवाराकडे, जिथं उन्हाळी शिबिर चाललं होतं, जाताना त्याच्या डोळ्यांसमोर तो दुसरा पोरगा येत राहिला. कोल्बी आला तेव्हा हात पार मागे, खाली सोडून फेकायचा, गवताचे भारे ट्रकवर भिरकावत मोठा झालेल्या मुलासारखा. चेंडू मात्र जायचा, जिथं जायला हवा तिथं जायचा. पण फार वेळ घेतो, असं सगळ्यांनी म्हटलं, कॅझनंही म्हटलं. मग रोज चारशे चेंडू, कोपराला रबरी पट्टा, आरशासमोर ओला टॉवेल झटकणं. अकरा महिन्यांत हात बदलला. कॅझनं त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फेकीच्या फिती शेजारी शेजारी लावून कोचांच्या एका मेळाव्यात दाखवल्या होत्या आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांनी तो पार सुखावला होता. तेव्हा कोल्बी कुठे होता, मेळाव्याला त्याला बोलावलं होतं की नाही, हे आता काही केल्या आठवेना. मैदानावर मात्र ऐन गर्दीत, चार दांडगे अंगावर येत असताना, कोल्बी एक क्षण थांबायचा. फक्त एक क्षण. तेवढा पुरायचा. दुसऱ्या मोसमानंतरच्या नावं गाळायच्या मंगळवारी कॅझनंच त्याच्या दारावर टकटक केली होती आणि अशा वेळी म्हणायचं ठरलेलं वाक्य म्हटलं होतं, 'साहेबांनी बोलावलंय, टॅब्लेट घेऊन ये.' टॅब्लेटमध्ये संघाच्या सगळ्या खेळ्या असतात, तो परत द्यायचा म्हणजे संपलं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. डोक्यानं कमी पडला, असं नंतर सगळे म्हणाले. कॅझही पाच वर्षं तेच धरून बसला होता.

बोलायचं त्याला व्यसन होतं म्हटलं तरी चालेल. त्याची बायको आयरीन म्हणायची, याला बंद करायचं बटण देवानं दिलंच नाही. ती पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लाटायला घेई आणि हा मागं उभा राहून कडा कशा दाबाव्यात ते सांगे. एकदा तिनं पिठाचा गोळा याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसली. याचं मूळ त्याच्या बापात होतं. म्हातारा दुडेक फाउंड्रीत होता. कॅझच्या शाळेच्या प्रत्येक सामन्याला यायचा, कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून शेवटपर्यंत उभा राहायचा आणि परतताना गाडीत एक शब्द बोलायचा नाही. गारठा असेल तर हीटर लावायचा, बस. आपण बरे खेळलो की वाईट, हे कॅझला हीटरच्या आवाजातून ओळखायची सवय लागली होती. पुढे तो स्वतः आठ वर्षं तीन संघांत राखीव म्हणून पाटी धरून बाजूला उभा राहिला, एकदाही मन भरून खेळला नाही, आणि कुणी आपल्याला वेळीच सांगितलं असतं तर, हे त्याच्या मनात कायमचं घर करून बसलं. आपल्या हाताखालच्या पोराला असं अंधारात ठेवायचं नाही, जे दिसेल ते सगळं सांगायचं, असं त्यानं ठरवलं आणि ते इमानानं पाळलं. वाईट हेतू त्यात कधीच नव्हता. वाईट हेतू असता तर निदान कुठं थांबायचं हे कळलं असतं, असं त्याला शिबिराच्या फाटकातून आत शिरताना वाटलं.

आणि आत लाव्हेल ब्रूसार वाट बघत होता. लुइझियानाचा, बावीस वर्षांचा, कमी बोलणारा, या खेळात बुटकाच म्हणावा असा. लाव्हेल बाजूनं फेकायचा. हात वर जायचाच नाही. कमरेच्या थोडा वर, पाण्यावर चपटा दगड भिरकावावा तसा चेंडू सुटायचा. कोपर खाली म्हणजे चेंडू खाली, आणि समोरच्या उंच गड्यांनी हात वर केले की तो अडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मुख्य कोच रॉय लिंडहोम कॅझहून दहा वर्षांनी लहान, सरळ माणूस, हातचं राखून न बोलणारा. राखीव क्वार्टरबॅकची एक जागा होती आणि पोरं दोन. दुसरा सांगितलेलं मुकाट करणारा, उंच, बेताचा. लिंडहोमनं आधीच स्पष्ट केलं होतं की शनिवारचा सराव सामना शेवटचा, त्यात ब्रूसारचा कोपर वर दिसला तर तो राहील, नाहीतर मंगळवारी जाईल. पाच आठवडे कॅझनं रबरी पट्टा, आरसा, टॉवेल सगळं केलं होतं आणि कोपर खरंच वर येऊ लागला होता. त्या सकाळी त्यानं आदल्या सामन्याची फीत लावली. लाव्हेल शेजारी वही उघडून बसला. एका खेळीत डावीकडचा गडी मोकळा झाला, लाव्हेलची नजर त्याच्यावर बरोबर गेली, पाय थांबले, आणि मग काहीच झालं नाही. हात हलायच्या आधी एक रिकामी जागा होती. कॅझनं फीत मागे घेतली, एकेक चित्र पुढे सरकवलं. एक, दोन, तीन, चार. चार चित्रांपुरता तो पोरगा फेकत नव्हता. कोपर कुठे आहे ते बघत होता. ही जागा कॅझनं पूर्वी पाहिली होती. नेब्रास्काच्या पोराच्या फितींत ती शेकडो वेळा पाहिली होती आणि तिला डोक्याचा दोष म्हटलं होतं. "काय चुकलं, कोच?" लाव्हेलनं पेन सरसावत विचारलं. काही नाही, असं कॅझ म्हणाला आणि फीत बंद केली. लाव्हेलनं वहीत तारीख घालून ठेवली होती, तिच्याखाली काही लिहायला न मिळाल्यानं तो जरा गोंधळला.

शनिवारपर्यंतचे दिवस कॅझनं धड कशात लक्ष न लागता काढले. दोन्ही बाजूंनी त्याची कोंडी झाली होती. कोपर वर आणत राहावं तर पोरगा राहणार, आणि राहून हळूहळू कोल्बी होणार. दहा वर्षांनी कुठल्यातरी दुकानात आपल्या मुलीला बॉल कसा फेकायचा ते आठवत उभा राहणार. त्याच्या मनासारखं फेकू द्यावं तर पाच आठवड्यांत मोडलेली सवय एका दिवसात परत येईल याची खात्री कुणी द्यावी, आणि नाही आली तर पोरगा मंगळवारी घरी. तिसरी वाट त्याला दिसेना. आयरीनला त्यानं अर्धवट सांगितलं. ती म्हणाली, त्या पोरालाच विचार की. हे त्याला इतकं विचित्र वाटलं की तो हसला. आपल्याला काय हवं हे बावीस वर्षांच्या पोराला कुठे कळतं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि आपण आजवर एकाही पोराला एकही प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला नाही हे लक्षात येऊन गप्प बसला. आयरीननं जेवणावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, ताप आलाय का म्हणून.

सामना दुपारी एकला सुरू झाला. उन्हात अर्धं रिकामं स्टेडियम, पाणी विकणाऱ्यांच्या आरोळ्या, सरोवराकडून घिरट्या घालत आलेले पक्षी. खेळी वरच्या खोलीतून ठरायची. ती लाव्हेलच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगायचं काम कॅझचं. दोन खेळ्यांच्या मधे चाळीस सेकंदांचं घड्याळ पळतं आणि त्यावर पंधरा उरले की रेडिओ आपोआप बंद होतो; नियमच तसा आहे, पुढचं ज्याचं त्यानं निभवायचं. खेळीचं नाव सांगायला सहा-सात सेकंद लागतात. उरलेला प्रत्येक सेकंद कॅझ भरून काढायचा. उजवीकडचा मागे सरकलाय बघ, पाय जड करू नकोस, घाई नको. आणि रेडिओ बंद व्हायच्या आत शेवटचा शब्द ठरलेला, 'कोपर'. या पाच आठवड्यांत तो शब्द चुकला नव्हता. कित्येकदा रेडिओ बंद झाल्यावरही तो बोलतच राहायचा, बाजूला उभे असलेले गडी एकमेकांना डोळे घालायचे. पहिल्या अर्धात त्यानं सवयीनं तेच केलं. लाव्हेलनं सहा चेंडू फेकले, सगळे कोपर वर ठेवून, दिसायला सुरेख, आणि सगळे किंचित उशिरा. दोन पोचले, चार हुकले. लिंडहोम समोरून जाताना समाधानानं मान हलवून गेला. कोपर वर होता ना. कॅझला मात्र दर फेकीआधी ती चार चित्रं दिसत होती, इतकी स्पष्ट की आता ती न बघता राहणं त्याला जमेना.

दुसऱ्या अर्धात चेंडू पुन्हा लाव्हेलच्या हातात आला तेव्हा कॅझनं खेळीचं नाव सांगितलं आणि तोंड मिटलं. सोपं नव्हतं ते. शब्द जिभेवर येऊन बसले होते, दात घट्ट धरले तरी ढकलत होते. घड्याळावर अठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस. इतकी लांब शांतता त्या रेडिओवर कधी झाली नसेल. लाव्हेल दोन पावलं चालला, थांबला आणि हेल्मेटवर कानाच्या जागी दोनदा ठोकलं. रेडिओ बिघडला की पोरं तसं करतात. मग त्यानं बाजूला, कॅझकडे पाहिलं. तेवीस, बावीस. ते बघणं कॅझ विसरणार नव्हता. कुंपणापलीकडच्या बापाकडे तो स्वतः तसंच बघत असे. आपण याच्याशी तेच तर करत नाही ना, या शंकेनं तो हादरला. बोलावं का? अजून सात सेकंद होते. त्यानं कानावरच्या पट्टीला हात लावला, अंगठा वर केला, रेडिओ ठीक आहे, आणि मग तोच हात छातीवर ठेवून मान डोलावली. यातून पोराला काय कळायचं ते कळो. पंधरा. रेडिओ खट्कन बंद झाला. लाव्हेल वळला आणि प्रथमच समोरच्या माणसांकडे सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेला.

पहिला चेंडू धड वरून नाही, धड बाजूनं नाही, असा गेला आणि जमिनीवर आपटला. दुसरा तसाच. तिसऱ्या खेळीत एक दांडगा त्याच्या अंगावर हात पसरून आला, आणि त्या पसरलेल्या काखेखालून, कुणालाही दिसायच्या आत, चेंडू बाजूनं सुटला. वीस यार्डांवर धावणाऱ्याला मान वळवायलाही लागली नाही. स्टेडियमभर एकच आवाज उठला. हात हलायच्या आधी ती रिकामी जागाच नाही अशी फेक कॅझनं एकवीस वर्षांत पाहिली नव्हती. पाठोपाठ आणखी दोन पोचल्या. मग शेवटून दुसऱ्या खेळीत समोरच्या उंच गड्यानं उडी मारली, खालून आलेला चेंडू त्याच्या पंजाला लागून वर उडाला आणि विरुद्ध संघाच्या हातात गेला. नेमकं ज्याची भीती सगळ्यांनी घातली होती तेच. लिंडहोमनं हातातला कागद दुमडला आणि कॅझकडे न बघता खिशात घातला.

लाव्हेल येऊन बाकावर बसला. कॅझ त्याच्या शेजारी बसला. पोरगा म्हणाला, तो उंच गडी आपण पाहिला होता, उडी मारेल असं वाटलं नाही. मग म्हणाला, "चुकीचा पाहिला, कोच. पण पाहिला." कॅझनं त्याला विचारलं, तू असं फेकायला शिकलास कुठे. लाव्हेलनं चमकून पाहिलं, हा परीक्षेचा प्रश्न आहे की काय म्हणून.

"घराखाली," तो म्हणाला. "आमच्याकडे घरं खांबांवर असतात, पुराचं पाणी येतं ना. खाली आम्ही सगळी भावंडं खेळायचो. तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली. हात वर नेला की बोटं फुटायची. थोरल्याची दोनदा फुटली. मग सगळे बाजूनंच फेकायला लागले."

कॅझ ऐकत राहिला. पाच आठवडे ज्या गोष्टीला तो खोड म्हणत होता तिला एक घर होतं, तुळया होत्या, फुटलेली बोटं होती. नेब्रास्काच्या पोराच्या हातामागं काय होतं? काहीतरी असणारच. ते विचारायला अकरा महिने होते. आता त्या पोरालाच ते आठवत नव्हतं.

रविवारी लिंडहोमनं त्याला खोलीत बोलावलं. त्यानं सरळच विचारलं. "दुसऱ्या अर्धात पोरगा हेल्मेट ठोकत होता. रेडिओ गेला होता का?" हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. रेडिओ सगळ्यांचेच जातात. सूचना न मिळाल्यामुळे पोरगा जुन्या सवयीवर गेला, पुढच्या आठवड्यात कोपर पुन्हा वर येईल. पोराची जागा राहिली असती आणि कॅझची इभ्रतही. लिंडहोमला तेच ऐकायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग सोमवारपासून पुन्हा रबरी पट्टा. कॅझ म्हणाला, "रेडिओ ठीक होता. मीच बोललो नाही." लिंडहोमनं पेन खाली ठेवलं. मग त्यानं विचारलं, "आणि कोपर?"

"तो मी आता त्याला सांगणार नाही, रॉय. तो तसाच चांगला आहे."

लिंडहोम रागावला नाही. ती एक फेक आपण पंचवीस वेळा पाहिली, असं तो म्हणाला. देवानं दिलेला हात आहे. पण आपल्या समोरच्या संघांच्या फळ्यांत उंच माणसं आहेत, राखीव पोरगा म्हणजे जुगार खेळायची जागा नव्हे, आणि दुसरा पोरगा सांगितलेलं करतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. कॅझनं तासभर वाद घातला, आकडे मांडले, शेवटी विनवणीही केली, जी त्यानं आयुष्यात कुणाची केली नव्हती. उठताना लिंडहोमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मंगळवारी तू जाशील ना त्याच्याकडे, म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून नको.

मंगळवारी सकाळी वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरचा तो लांब बोळ कॅझ चालत गेला. रस्ताभर तो स्वतःशी हुज्जत घालत होता. रेडिओ गेला म्हटलं असतं तर आज या दारावर यायची वेळ आली नसती. याला कुणीच घेतलं नाही तर? हात शाबूत ठेवला म्हणून आपण छाती फुगवायची आणि पोरानं घराखाली बसायचं. आपलं मन हलकं करायला आपण त्याची जागा तर घालवली नाही? बोळ संपला. त्यानं दार वाजवलं. लाव्हेलनं उघडलं, बॅग भरलेली होती, टॅब्लेट पलंगावर तयार होता. "साहेबांनी बोलावलंय," कॅझ म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. लाव्हेलनंच टॅब्लेट उचलला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज साफ होता. तो म्हणाला की एजंटाचा फोन आला होता, ह्यूस्टनच्या संघातल्या कुणीतरी ती फेक पाहिलीय, गुरुवारी या म्हणतात, नक्की काही नाही. कॅझ म्हणाला, जा. मग एवढंच पुरेसं नाही असं वाटून त्यानं सांगायला सुरुवात केली, तिथं कुणी हाताबद्दल काही म्हणालं तर, आणि थांबला. लाव्हेल ऐकायला थांबला होता, वही उघडून बसावं तसा. कॅझनं मान हलवली, काही नाही. दोघांनी हात मिळवले. लाव्हेल बॅग खांद्याला लावून बोळात चालू लागला, बूट फरशीवर वाजत गेले. जिन्याच्या तोंडाशी पोचल्यावर त्याला आठवलं, खोलीची किल्ली खिशातच राहिली होती. "कोच," त्यानं हाक मारली आणि चालता चालताच, बॅग न उतरवता, पितळी बिल्ल्याची ती किल्ली फेकली. बोळाच्या अख्ख्या लांबीवरून ती आली आणि कॅझच्या उघड्या पंजात बसली. तळवा झिणझिणला. लाव्हेल केव्हाच जिना उतरून गेला होता. किल्ली मुठीत धरून कॅझ तिथंच उभा राहिला, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की पोराचा कोपर कुठे होता हे आपण पाहिलंच नाही.